म्हाताऱ्या घोड्याचं मूत तुंबणं, गळणं, लाल होणं : तोच त्रास पुन्हा का होतो आणि कुठून शोधावा

पंधरा वर्षांच्या पुढचा घोडा, इंजेक्शनचा कोर्स झाला की आठ-दहा दिवस बरा आणि मग पुन्हा मागचे पाय ओले. टांग्याच्या, वरातीच्या, हौसेनं पाळलेल्या घोड्यांत ही तक्रार सोलापूर, पंढरपूर, अकलूज भागात सारखी ऐकू येते. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. घोड्याला नुसत्या जंतूंमुळे मूत्रविकार क्वचितच होतो. मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, आत खडा असतो किंवा मागच्या भागाच्या नसा कमजोर झालेल्या असतात, आणि त्या साचलेल्या मुतात जंतू वाढतात. अँटिबायोटिकनं जंतू मरतात, मूळ तसंच राहतं. म्हणून त्रास परत येतो. खालच्या तपासण्या बिनखर्चाच्या आधी आणि खर्चाच्या नंतर अशा क्रमानं दिल्या आहेत. त्याच क्रमानं करा.

लक्षणं

निरोगी काय ते आधी डोळ्यांत बसवून घ्या, कारण निम्मी घबराट इथेच होते. घोड्याचं मूत मुळातच गढूळ, फेसाळ आणि थोडी तार धरणारं असतं. चाऱ्यातलं कॅल्शियम घोड्याचं आतडं गरजेपेक्षा जास्त शोषतं आणि जादाचं मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. तो कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ असतो. फरशीवर वाळलं की पांढरा थर दिसतो, तो आजार नाही. मूत जमिनीवर पडून राहिलं की हवेनं लालसर-तपकिरी होतं, तेही रक्त नाही. रंग बघायचा तो पडत्या धारेचा. मोठा घोडा दिवसाला साधारण ५ ते १५ लिटर मुततो, पाच-सात वेळा.

आता काळजीची लक्षणं. घोडा पाय ताणून उभा राहतो, कण्हतो, थोडंसंच मुततो आणि झाल्यावरही तसाच ताणून राहतो. चालताना, खोकताना किंवा उठताना थेंबथेंब गळतं. घोडीच्या शेपटीखाली आणि दोन्ही मांड्यांच्या मागे, नराच्या मागच्या पायांवर आतून-पुढून केस झडतात, कातडी लाल होते, उग्र वास येतो, माश्या बसतात. सकाळची धार साफ आणि काम करून आल्यावरची लाल, त्यातही शेवटची धार जास्त लाल, हे लक्षण वेगळं लिहून ठेवा, त्याचा अर्थ पुढे येईल. पाणी अचानक दुप्पट पिणं, ठाण (घोडा बांधायची जागा) कायम ओलं राहणं, चंदी (दाणा) खाऊनही बरगड्या दिसू लागणं, ही मूत्रपिंडाकडे किंवा हार्मोनकडे बोट दाखवणारी लक्षणं आहेत.

बाजारातून वयस्क घोडा घेताना मांड्यांची आतली बाजू हात फिरवून बघा. पाय धुऊन उभे केले तरी झडलेले केस लपत नाहीत.

सगळ्यात आधी : हा मुताचाच त्रास आहे का?

घोडा पुन्हापुन्हा पाय ताणतो म्हणून "मूत तुंबलं" असं ठरवलं जातं. बहुतेक वेळा तो पोटशूळ असतो. पोट दुखतं म्हणून घोडा ताणतो. यात गेलेले दोन-तीन तास जिवावर बेततात, म्हणून ही तपासणी पहिल्या दहा मिनिटांत करा.

जबड्याच्या हाडाखालची नाडी मोजा. शांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. ६० च्या वर गेली तर थांबू नका. दोन्ही कुशींना कान लावा, आतड्याची गुरगुर ऐकू यायला हवी. शेवटची लीद कधी पडली ते मोतद्दाराला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, विचारा. कुशीकडे वळून बघणं, जमीन खुरडणं, लोळणं, घाम, हे सगळं पोटाचं आहे. ताप गुदद्वारात थर्मामीटर ठेवून बघा. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक.

अशीच ओढाताण दिसणारे आणखी दोन आजार आहेत. घोडा लाकडी घोड्यासारखा ताठ, शेपटी वर, डोळ्याच्या कोपऱ्यातली पातळ पापडी डोळ्यावर सरकलेली, असं असेल तर धनुर्वाताचा संशय धरा. अंधार आणि शांतता ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. दोन-चार दिवस ठाणावर भरपूर चंदी खाऊन उभा असलेला घोडा कामाला काढला आणि वाटेत पुठ्ठे दगडासारखे कडक होऊन थांबला, मूत काळ्या चहाच्या रंगाचं आलं, तर ते स्नायूंचं विरघळलेलं द्रव्य आहे. त्याला एक पाऊलही चालवू नका. ते द्रव्य मूत्रपिंड बंद पाडतं.

एक विनंती कळकळीची आहे. "मूत सुटायचं इंजेक्शन" म्हणून फ्युरोसेमाइड स्वतःहून टोचू नका. वाट खरोखर बंद असेल तर मागून मूत वाढवल्यानं मूत्राशय फुटू शकतं. पोटशूळ असेल तर आधीच सुकलेला घोडा आणखी सुकतो. मूत्रमार्गात मिरी, तंबाखू, तेल असलं काहीही घालू नका.

ठाण आणि पिछाडी

फुकटची तपासणी, आणि तिनं बरेच घोडे सुधारतात. मुतायला घोड्याला मागचे पाय मागे टाकून पाठ खाली घ्यावी लागते. पिछाडी, म्हणजे मागचे पाय बांधायची दोरी, आखूड बांधली असेल तर त्याला तशी बैठक घेताच येत नाही. तरण्या घोड्याचं निभतं. म्हाताऱ्याचे गुडघे-घोटे दुखत असतात, कंबर ताठ असते, तो अर्धवट बसतो, अर्धवट मुततो. उरलेलं मूत तळाशी साचतं, त्यातला चुना, म्हणजे तोच कॅल्शियमचा गाळ, खाली बसतो, आणि काही महिन्यांत मूत्राशयात चिखलासारखा गाळ तयार होतो. त्या गाळाच्या वजनानं भिंत सैल पडते, सैल पडली की आणखी उरतं. अशा घोड्याची पिछाडी सोडा, निदान दोन हात ढील द्या.

दुसरं, शहाबादी फरशी किंवा सिमेंट. पायावर शिंतोडे उडतात म्हणून घोडे कडक जमिनीवर मुतायचं टाळतात. खाली उसाचं पाचट, भुस्सा किंवा वाळू चांगली वीतभर घाला, ओलं रोज काढा. लग्नसराईत घोडा डांबरी रस्त्यावर डीजेच्या आवाजात तासन्‌तास उभा असतो आणि मूत धरून ठेवतो. दोन-तीन तासांनी साज सैल करून मातीच्या जागेवर न्या, शीळ घाला, पाच मिनिटं थांबा. शिळेची सवय असलेला घोडा मोकळा होतोच. दहा दिवस हे नीट करा आणि धार मोठी होते का ते बघा.

पाणी आणि मीठ

"भरपूर पितो" हे उत्तर चालत नाही, मोजा. पंधरा लिटरची बादली घ्या, २४ तास त्याच बादलीनं द्या आणि उरलेलं वजा करा. ३५० किलोचा घोडा थंडीत, काम नसताना, २० लिटरच्या आसपास पितो. एप्रिल-मेच्या ४० अंशांच्या पुढच्या उन्हात काम करून ४० लिटर सहज पितो. विश्रांतीत आणि गारव्यातही ३५ लिटरच्या वर जात असेल, म्हणजे दर १०० किलो वजनामागे १० लिटरपेक्षा जास्त, तर ते तहानेपलीकडचं आहे. मग थेट रक्ततपासणीकडे वळा.

कमी पीत असेल तर कारण शोधा. खारट-मचूळ बोअरचं पाणी, शेवाळलेली टाकी, उन्हात तापलेला प्लास्टिकचा पिंप, दुखरे दात. कोरड्या कडब्यावरच्या घोड्याला हिरव्या चाऱ्यावरच्यापेक्षा पाणी जास्त लागतं, कारण वैरणीतून काहीच मिळत नाही. घट्ट मुतात गाळ लवकर बसतो, एवढंच यामागचं गणित.

साधं मीठ दिवसाला ३० ग्रॅम, म्हणजे पोहे खायच्या चमच्यानं सपाट पाच-सहा चमचे, ओल्या चंदीत दोन वेळा विभागून द्या. मीठ खाल्लं की घोडा पाणी पितो, मूत पातळ होतं. पाणी समोर चोवीस तास असेल तरच मीठ द्या. पाय किंवा पोटाखालचा भाग सुजलेला असेल, मूत्रपिंडाची शंका असेल, तर रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत नको.

वैरण : कडवळाकडे नीट बघा

आपल्या जिल्ह्यात ही तपासणी सर्वांत जास्त राहून जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कोवळ्या ज्वारीनं गुरांना किराळ लागते हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. त्या पिकात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, आणि बैल तासाभरात आडवा होतो. घोड्याला तसा झटका सहसा बसत नाही, म्हणून घोड्याला हिरवं कडवळ, म्हणजे चाऱ्याची ओली ज्वारी, निर्धास्त टाकलं जातं. पण आठवडे-महिने तेच खाल्लं तर ते विष थोडंथोडं मज्जारज्जूच्या नसांवर काम करतं. मूत्राशय, शेपटी आणि मागचे पाय यांच्या नसा मरतात. अमेरिकेत ज्वारी-सुदान गवताच्या कुरणांवर चरणाऱ्या घोड्यांत हा आजार नीट अभ्यासला गेला आहे.

दिसतं ते असं : मूत गळतं, मांड्या भाजल्यासारख्या होतात, घोडी सारखी योनी उघडझाप करते आणि माजावर आली असं वाटतं. कंबर मागून डोलते. घोडा मागे सरकवला की पाय एकमेकांत अडकतात किंवा तो मागे बसल्यासारखा होतो. शेपटी उचलून बघा. निरोगी घोडा शेपटी दाबून धरतो, याची शेपटी दोरीसारखी हातात येते. गुदद्वाराजवळ बोटानं हलकं टोचलं तर ते आकसायला हवं. बाजूला उभं राहून करा, थेट मागे नको.

धोका सर्वांत जास्त असतो तो गुडघ्याएवढ्या कोवळ्या पिकात, पावसानं ताण दिल्यावर कोमेजलेल्या पिकात आणि कापणीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यांत. जुलै-ऑगस्टमध्ये पावसानं उघडीप दिली की नेमकं हेच कापून आणलं जातं. पक्व पिकाचा नीट वाळलेला कडबा त्या मानानं निर्धोक आहे, कारण वाळताना ते विष बरंचसं उडून जातं. मालदांडी ज्वारीचा चांगला कडबा कुट्टी करून दिला तर म्हाताऱ्या घोड्याला चालतो. ३५० किलोच्या घोड्याला दिवसाला ५ ते ७ किलो कोरडी वैरण लागते.

संशय आला की हिरवं कडवळ त्याच दिवशी पूर्ण बंद करा. गळणं थोडं कमी होईल, पण मेलेली नस परत येत नाही, त्यामुळे डॉक्टरांना मूत्राशय धुवावं लागू शकतं. हे उशिरा कळू नये म्हणूनच इतकं सांगितलं.

लसूणघासाचं वेगळं आहे. त्यात कॅल्शियम भरपूर. तरुण, कष्टाच्या घोड्याला उत्तम, खडा किंवा गाळ झालेल्याला वाईट. तो आठ-दहा दिवसांत हळूहळू उतरवून मारवेल गवत किंवा वाळलेलं गवत चढवा. एका दिवसात वैरण बदलली तर पोटशूळ ओढवेल.

खोळ आणि योनी

खच्ची केलेल्या म्हाताऱ्या घोड्याच्या खोळीत, म्हणजे इंद्रियावरच्या कातडीच्या पिशवीत, काळा चिकट मळ साचतो. इंद्रियाच्या टोकाशी, मूत्रमार्गाच्या तोंडाभोवतीच्या खळग्यात त्याची कडक गोळी बनते, हरभऱ्याएवढी किंवा त्याहून मोठी. ती मूत्रमार्गाला दाबते, धार फाटते, एका बाजूला उडते. आदल्या रात्री खोळीत थोडं खोबरेल लावून ठेवा. सकाळी हातमोजा घालून, शेपटीकडे तोंड करून अंगाला चिकटून उभे राहा, एक हात पाठीवर ठेवा आणि कोमट पाण्यानं मळ सोडवा. गोळी बोटानं हलक्यानं कोरून काढा. डेटॉल, कपड्याचा साबण नको, त्यानं कातडी सोलते आणि मळ दुप्पट वेगानं परत येतो. सहा महिन्यांतून एकदा पुरे. घोडा इंद्रिय बाहेर सोडत नसेल तर ओढू नका, डॉक्टर गुंगी देऊन करतील.

धुताना नीट बघा. पावसाळ्यात माश्यांमुळे होणारी न भरणारी जखम, दाणेदार पिवळे कण असलेली, औषधानं आटोक्यात येते. गुलाबी कातडीवर खडबडीत, रक्त येणारी वाढ असेल तर ती कर्करोगाची असू शकते. आठवडाभरात दाखवा, मलम लावत बसू नका.

म्हाताऱ्या घोडीत मागचा भाग आत ओढला जातो आणि योनी आडवी पडते. मग मूत बाहेर न पडता आत साचतं आणि चालताना सांडतं. ते मूत्राशयाचं गळणं नव्हे आणि त्यावर इलाज टाक्यांचा आहे.

काचेच्या बाटलीतली परीक्षा

स्वच्छ, रंगहीन काचेची बाटली घ्या, मधल्या धारेतलं मूत धरा आणि दोन तास स्थिर ठेवा. पांढरट गाळ खाली बसला तर तो चुना. व्हिनेगरचे दोन थेंब टाकले की फसफसतो. निरोगी घोड्याचाही फसफसतो, त्यामुळे यावरून खडा ठरवू नका. तळाशी लाल थर आणि वर साफ पाणी, म्हणजे रक्त. सगळंच एकसारखं लाल-तपकिरी राहिलं, खाली काही बसलं नाही, तर रक्तपेशी फुटल्या आहेत किंवा स्नायू. सोबत ताप आणि पिवळट हिरड्या असतील तर गोचिडीचा ताप समजून त्याच दिवशी रक्त तपासायला द्या.

मेडिकलमधली माणसांची लघवीची पट्टी चालते, पण माणसाच्या हिशेबानं वाचू नका. घोड्याचं मूत अल्कधर्मी, पीएच ७.५ ते ९. त्यामुळे प्रथिनाचा चौकोन खोटाच रंग दाखवतो. रक्ताचा चौकोन रक्त, फुटलेल्या पेशी आणि स्नायुद्रव्य तिघांनाही रंगतो, म्हणून बाटलीची परीक्षा आधी. साखर शून्य हवी. साखर दिसते, तहान वाढली आहे आणि एप्रिल उजाडला तरी लांब केस झडत नाहीत, असं असेल तर पिट्युटरी ग्रंथीचा आजार असू शकतो. त्या घोड्याच्या खुरांनाही धोका असतो. झायलाझिनची गुंगी दिल्यावर मात्र पट्टी वापरू नका, त्या इंजेक्शननंच मुतात साखर येते.

दुखण्याची औषधं

गेल्या महिन्यात फेनिलब्युटाझोन, फ्लुनिक्सिन, मेलोक्सिकॅम यांपैकी काय, किती दिवस दिलं ते कागदावर लिहा. ही औषधं मूत्रपिंडाच्या आतल्या भागाचा रक्तपुरवठा कमी करतात. पाणी पोटात असेल तर मूत्रपिंड निभावून नेतं. उन्हात सुकलेल्या म्हाताऱ्या घोड्यात तो भाग मरतो. लंगडणाऱ्या घोड्याला वरातीपुरतं म्हणून रोज टोचणं, किंवा एकाच दिवशी दोन औषधं देणं, हे बंद करा.

इथे थांबा, डॉक्टरांना बोलवा

बारा तास मूत नाही आणि घोडा जोर करतोय. तुंबलेला, तळमळणारा घोडा अचानक शांत आणि सुस्त झाला, म्हणजे मूत्राशय फुटल्याची शक्यता आहे, ही सुधारणा नाही. काळ्या चहासारखं मूत. ३९ अंशांच्या वर ताप. नाडी ६० च्या वर. मागचे पाय डोलणं. दोन दिवस चारा सोडणं. यांतलं एकही दिसलं तर वरच्या तपासण्या बाजूला ठेवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा किंवा फिरत्या पथकासाठी १९६२ लावा. सांगताना "मूत अडलं" एवढंच न म्हणता नाडी, ताप, शेवटची लीद आणि शेवटची धार कधी, हे चार आकडे सांगा.

तोपर्यंत भाजलेल्या कातडीचं बघा. कोमट पाण्यानं धुवा, पूर्ण कोरडं करा, झिंक ऑक्साइडचं मलम किंवा व्हॅसलिनचा जाड थर द्या. ओल्यावर व्हॅसलिन लावलं तर खाली कातडी कुजते. माश्यांचा बंदोबस्त करा, किडे पडायला एक दिवस पुरतो.

डॉक्टर काय करतील

पहिली पायरी रक्ताची, क्रिएटिनिन आणि युरिया. घोड्यात क्रिएटिनिन साधारण २ मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या आत असतं. मुताची घनता मोजायला रिफ्रॅक्टोमीटरच हवा, पट्टीचा तो चौकोन भरवशाचा नाही. निरोगी घोड्याची १.०२५ च्या वर असते. घोडा सुकलेला असूनही १.००८ ते १.०१४ मध्ये अडकली असेल तर मूत्रपिंड पाणी राखत नाही. पुढे गुदद्वारातून हात घालून तपासणी आणि सोनोग्राफी.

कामानंतर लाल येण्याचं कारण बहुधा इथे सापडतं. घोड्याचा मुतखडा कॅल्शियम कार्बोनेटचा, बहुतेक वेळा एकच आणि वरून काटेरी असतो. दुडक्या चालीत तो भिंतीवर घासतो आणि रक्त येतं. आराम मिळाला की साफ. घोडीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद, त्यामुळे लहान खडे निघून जातात, मोठाही गुंगी देऊन अनेकदा हातानं काढता येतो. नराला शस्त्रक्रिया लागते. काढ्यानं हा खडा विरघळत नाही. गाळ असेल तर सलाइननं पुन्हापुन्हा धुवावं लागतं. नस गेलेली असेल तर ते कायमचं सांभाळणं आहे, बरं होणं नाही, हे मालकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट कळायला हवं.

शस्त्रक्रियेसाठी शिरवळचं किंवा मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. निघण्याआधी क्रिएटिनिनचा रिपोर्ट हातात हवा. तो खूप चढलेला असेल तर म्हाताऱ्या घोड्याला भूल झेपत नाही, आणि खडे मूत्रपिंडातही असू शकतात. अशा वेळी प्रवासाचे हाल न करता घरीच वैरण, पाणी आणि मऊ ठाण यांवर ठेवणं मला जास्त बरोबर वाटतं. नेणार असाल तर पहाटे निघा, गाडीत भुस्सा पसरा, दर तीन तासांनी थांबून पाणी दाखवा, बाटलीतलं ताजं मूत बर्फाच्या डब्यात घ्या आणि दिलेल्या औषधांचा कागद सोबत ठेवा. गाडीत आखूड बांधलेला घोडा मुतत नाही, म्हणून प्रत्येक थांब्यावर उतरवून मातीवर उभा करा.